स्पर्शपटल अडखळते तेव्हा

भोपाळच्या पावसाळ्यात मोबाइलचे स्पर्शपटल कधी बोटाला ओ देते, कधी देत नाही. आजच्या मोबाइलचे पटल दाबाने नव्हे, तर बोटामुळे विद्युतभारात होणाऱ्या सूक्ष्म बदलाने चालते. पाण्याचा थेंबही त्याला फसवतो. म्हणून प्रथम हात व काच कोरडी करावी. चार्जर काढून पाहावा. सदोष चार्जरमुळेही स्पर्श चुकतो. नंतर फोन बंद करून पुन्हा सुरू करावा व सैल झालेली संरक्षक काच काढावी. तरीही दोष राहिल्यास, पटल चालते आहे तोवरच छायाचित्रे व कागदपत्रे अन्यत्र उतरवून घ्यावीत आणि मगच फोन दुरुस्तीस द्यावा. तोपर्यंत त्यावरून पैसे पाठविणे टाळणे इष्ट. रकमेत एखादे शून्य अधिक उमटले, तर कष्टाची कमाई भलतीकडे जावयाची.