चंक्रमण आणि झोप

परीक्षा जवळ आल्या की कोथरूडच्या सुतारदरा, केळेवाडी, जयभवानीनगर अशा वस्त्यांत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवे चालू असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीनिमित्त अनेक ठिकाणी अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो व तो स्तुत्यच आहे. परंतु तो एका दिवसाचा. तोच नियम महिनाभर चालविणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. दिवसभर एका जागी बसावयाचे, रात्री चहा पिऊन जागावयाचे आणि अंथरुणाला पाठ टेकल्यावर झोप येत नाही म्हणून तक्रार करावयाची! बाबासाहेबांच्या व्यासंगाचा दाखला देताना हेही सांगितले पाहिजे की, संविधानाच्या मसुद्याच्या काळात मधुमेह, पायांच्या वेदना आणि निद्रानाश यांनी त्यांना ग्रासले होते. कामाच्या ओझ्याने त्यांच्यावर आलेली ती वेळ हौसेने ओढवून घेण्याची नव्हे.

झोपेची तयारी दिवसा करावी लागते व तिचा सोपा मार्ग आपल्याच परंपरेत आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वैशालीची हकीकत आहे. तेथे भिक्खूंना उत्तमोत्तम भोजन मिळू लागले, त्यांच्या शरीरात दोष साचले आणि आजार वाढले. कामानिमित्त तेथे आलेल्या जीवक वैद्याने हे पाहून भिक्खूंना चंक्रमणाची व जंताघराची, म्हणजे उष्ण स्नानगृहाची, अनुज्ञा द्यावी अशी तथागतांना विनंती केली. ती मान्य झाली. पुढचा तपशील आम्हांला फार आवडतो. जमीन उंचसखल असल्याने पाय दुखू लागले, तेव्हा ती सपाट करण्यास सांगितले. पाणी साचू लागले, तेव्हा उंच करण्यास. चालताना भिक्खू पडू लागले, तेव्हा कठडा आणि ऊन-थंडीसाठी छप्पर. घरातील वृद्धांना चालावयास सांगताना इतका विचार आपण तरी करतो काय?

अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची क्षमता, प्रयत्नांची क्षमता, अल्प आजार, अन्नाचे पचन आणि दीर्घकाळ टिकणारी समाधी. त्यांत झोपेचे नाव नाही. मात्र भिक्खूच्या दिनक्रमात दिवसा व रात्रीच्या पहिल्या प्रहरी चालणे-बसणे आणि मधल्या प्रहरी उजव्या कुशीवर निजणे, असा क्रम दिला आहे.

आजचे वैद्यकशास्त्रही हलक्या व्यायामाच्या बाजूचे आहे. 1997 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी झोपेची तक्रार असलेल्या 50 ते 76 वयाच्या 43 व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी सोळा आठवडे, आठवड्यातून चार वेळा, तीस-चाळीस मिनिटे भरभर चालणे वा हलका व्यायाम केला, त्यांची झोप सुधारली. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते व त्यामुळे झोपेची ओढ लागते; चहातील कॅफिन नेमका तोच परिणाम अडवते. सकाळच्या उजेडात चालल्याने शरीराचे घड्याळही जागेवर येते. सोळा आठवडे हा आकडा मात्र ध्यानात ठेवावा. चार दिवस चालून फरक पडत नाही म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

कोथरूडकरांना वेताळ टेकडी जवळ आहे; पण चढ सर्वांना झेपेलच असे नाही. चंक्रमणास वीस-पंचवीस पावलांची सपाट जागा पुरते: चाळीचा व्हरांडा, इमारतीची गच्ची, विहाराचे अंगण. जायचे, वळायचे, परत यायचे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतकी गती असावी. रात्री जेवणानंतर सावकाश चालावे. धापा टाकणारा व्यायाम निजण्यापूर्वीच्या तासात नको.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चार घरची धुणीभांडी करून आलेल्या भगिनीस आणखी फेऱ्या मारा असे सांगणे ही थट्टा होईल. तिला विसावा हवा. रात्रपाळी करणाऱ्या पहारेकऱ्याचा प्रश्नही वेगळा. त्याला दिवसा अंधारी, शांत खोली मिळवून देणे हे घरच्यांचे काम आहे. आणि मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, महिनोन्‌महिने झोप न लागणे, ही लक्षणे असतील तर चालण्यावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे.

विद्यार्थ्यांसाठी आम्ही एवढेच ठरविले आहे की, अभ्यासवर्गात दर तासाला दहा मिनिटे पुस्तक मिटून व्हरांड्यात फेऱ्या मारावयाच्या आणि रात्री अकरानंतर दिवा बंद. पहिल्या आठवड्यात मुले हसली. पालक रागावले, ते अकराच्या नियमावर.