लाईट : एक शब्द, अनेक अर्थ आणि विरुद्धार्थाचा घोळ



इंग्रजीच्या घटक चाचणीत हमखास दिसणारा एक प्रश्न घ्या. विरुद्धार्थी शब्द लिहा : लाईट. वर्गातली काही मुलं ‘डार्क’ लिहितात, काही ‘हेवी’ लिहितात. नमुना उत्तरात यांपैकी एकच शब्द असेल, तर दुसरा लिहिणाऱ्याचा गुण जातो. मूल घरी येऊन विचारतं, "आई, माझं काय चुकलं?" खरं तर त्याचं काहीच चुकलेलं नसतं, प्रश्नच अर्धवट असतो. असं दोन-तीनदा झालं की मूल विचार करणं सोडून देतं आणि गाईडमधली जोडी पाठ करायला लागतं. म्हणून आज या एका शब्दाचा नीट अभ्यास करू या.

सुरुवात मराठीतून करा

फळ्यावर ‘वाढणे’ हा शब्द लिहा आणि मुलांना विरुद्धार्थी शब्द विचारा. बहुतेक जण ‘कमी होणे’ म्हणतील. मग ही वाक्यं द्या.

* आंब्याचा भाव वाढला. × भाव उतरला.
* नदीचं पाणी वाढलं. × पाणी ओसरलं.
* रोप वाढलं. × रोप खुंटलं.
* आईने जेवण वाढलं. × ?
* देवळात नारळ वाढवला. × ?

शेवटच्या दोन वाक्यांना मुलं अडतात, हसतात आणि त्यांना आपोआप कळतं की विरुद्धार्थ नुसत्या शब्दाचा नसतो, त्या वाक्यातल्या अर्थाचा असतो. काही अर्थांना तर विरुद्धार्थ नसतोच. एवढं कळलं की ‘लाईट’ समजायला सोपा जातो.

मुळात हे दोन शब्द आहेत

‘प्रकाश’ अर्थाचा लाईट आणि ‘हलका’ अर्थाचा लाईट हे एकाच शब्दाचे दोन अर्थ नव्हेत. त्यांची मुळं वेगवेगळी आहेत, फक्त रूप सारखं झालं आहे. प्रकाशाच्या ‘लाईट’चं नातं संस्कृतमधल्या ‘रुच्’ म्हणजे चमकणे या धातूशी लागतं. त्यावरूनच आपल्याकडे ‘रुचिर’ हा शब्द आला. वजनाच्या ‘लाईट’चं नातं आहे ‘लघु’शी. आणि गंमत बघा, आपले ‘हळू’ आणि ‘हलका’ हे शब्दही ‘लघु’पासूनच आलेत. वाटेत प्राकृतमध्ये ल आणि ह यांची अदलाबदल झाली. म्हणजे आपला ‘हलका’ आणि इंग्रजांचा ‘लाईट’ हे लांबचे भाऊबंद आहेत!

इंग्रजीत फुप्फुसाला ‘लंग’ म्हणतात, तो शब्दही याच घराण्यातला. फुप्फुस वजनाला हलकं असतं, म्हणून हे नाव. सहावी-सातवीच्या मुलांना हे सांगून बघा, शब्द विसरणार नाहीत.

अर्थ, समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द

१. प्रकाश, उजेड (नाम). समानार्थी : ब्राइटनेस, ग्लो. विरुद्धार्थी : डार्कनेस. इथे ‘डार्कनेस’ शिकवा, कारण लाईट नाम आहे. हा शब्द मोजता येत नाही, म्हणून या अर्थी त्याचं अनेकवचन होत नाही.

२. दिवा (नाम). समानार्थी : लॅम्प. विरुद्धार्थी शब्द नाही. हा मात्र मोजता येतो : एक लाईट, दोन लाईट्स. मिरकरवाड्याच्या मुलांना उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. समुद्रात होड्यांवर एलईडी दिवे लावून मासे ओढून घेण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. त्यातले दिवे म्हणजे ‘लाईट्स’ आणि मासे ज्याच्याकडे धावतात तो ‘लाईट’. रत्नदुर्गावरचं दीपगृह म्हणजे ‘लाईटहाऊस’, तेही याच कुटुंबातलं.

३. भरपूर उजेडाचा (विशेषण), जशी खोली. समानार्थी : ब्राइट. विरुद्धार्थी : डार्क.

४. फिकट (विशेषण), जसा रंग. समानार्थी : पेल. विरुद्धार्थी : डार्क किंवा डीप. लाईट ब्लू × डार्क ब्लू. इथे ‘ब्राइट’ हा समानार्थी चालत नाही, कारण भडक निळा आणि फिकट निळा एक नव्हेत.

५. वजनाला हलका (विशेषण). विरुद्धार्थी : हेवी. आंब्याची रिकामी पेटी लाईट, भरलेली हेवी.

६. कमी जोराचा, थोडा (विशेषण). इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण सोबतचं नाम बदललं की विरुद्धार्थही बदलतो.

* लाईट रेन × हेवी रेन
* लाईट विंड × स्ट्राँग विंड
* लाईट मील × हेवी मील
* लाईट पनिशमेंट × सीव्हिअर पनिशमेंट
* लाईट रीडिंग × सीरियस रीडिंग

पावसाचं उदाहरण आपल्या मुलांना विशेष जवळचं. भारतीय हवामान खात्याच्या वर्गीकरणात २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर पाऊस पडला तर तो लाईट, म्हणजे हलका. ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की हेवी. मधला तो मॉडरेट. म्हणजे लाईट आणि हेवी यांच्यामध्ये एक पायरी असते. ‘लाईट नाही म्हणजे हेवीच’ असं होत नाही, हेही इथेच समजावता येतं.

७. पेटवणे, लावणे (क्रियापद). समानार्थी : इग्नाइट, किंडल. विरुद्धार्थी : एक्स्टिंग्विश, पुट आउट. मेणबत्ती, चूल, समई यांच्यासाठी हे क्रियापद वापरायचं. विजेचा दिवा लावण्यासाठी मात्र ‘स्विच ऑन’ आणि बंद करण्यासाठी ‘स्विच ऑफ’. मराठीत आपण दोन्हीला ‘दिवा लावणे’ म्हणतो, म्हणून मुलं इथे चुकतात.

आपली मराठी ‘लाईट’

‘लाईट गेली’, ‘लाईट बिल आलं’, ‘लाईट कधी येणार?’ हे आपलं रोजचं बोलणं. इथे लाईट म्हणजे वीज, आणि तीही स्त्रीलिंगी! हा शब्द आता मराठी झालाय, त्यात वावगं काही नाही. पण मुलं हेच वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेतात. इंग्रजीत वीज गेली तर ‘पॉवर’ किंवा ‘इलेक्ट्रिसिटी’ जाते, आणि लाईट बिलाला ‘इलेक्ट्रिसिटी बिल’ म्हणतात.

उलट दिशेनेही सांभाळावं लागतं. मराठीत जिथे जिथे ‘हलका’ आहे तिथे ‘लाईट’ बसत नाही. ‘हलक्या प्रतीचा तांदूळ’ म्हणजे इन्फिरिअर किंवा पुअर क्वालिटीचा. ‘हलक्या कानाचा माणूस’ म्हणजे कोणी काही सांगितलं की लगेच विश्वास ठेवणारा. त्याला शब्दशः ‘लाईट’ म्हटलं तर इंग्रजी वाचणाऱ्याला काही कळणार नाही.

वाक्प्रचारांची गंमत

‘ब्रिंग टू लाईट’ म्हणजे उजेडात आणणे. इथे दोन्ही भाषांची वाट एकच. ‘मेक लाईट ऑफ’ म्हणजे हसण्यावारी नेणे. इथला लाईट वजनातला आहे, प्रकाशातला नाही. आणि आपल्याकडे "परीक्षेत काय दिवे लावलेस?" असं कोणी विचारलं, तर उत्तर म्हणून दिव्यांची संख्या सांगायची नसते, हे पाचवीच्या मुलालाही कळतं! वाक्प्रचाराचा अर्थ सुट्या शब्दांत शोधायचा नसतो, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

मुलांना तीन प्रश्नांची सवय लावा.

१. या वाक्यात हा शब्द नाम आहे, विशेषण आहे की क्रियापद?
२. तो कशाबद्दल बोलतोय : प्रकाश, रंग, वजन की जोर?
३. त्या जागी दुसरा शब्द ठेवला तर वाक्याचा अर्थ तोच राहतो का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं की समानार्थी शब्द सापडला. मग त्याच वाक्याचा अर्थ उलटा करायला सांगा, विरुद्धार्थी शब्दही सापडेल.

पालकांनी घरी डिक्शनरी बघताना पहिला अर्थ वाचून थांबू नये. खाली दिलेलं उदाहरणाचं वाक्य मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावं. रोज एक शब्द, पाच मिनिटं पुरेत.

आणि शिक्षक मित्रांनो, चाचणी काढताना सुटा शब्द न देता छोटं वाक्य द्या आणि शब्दाखाली रेघ मारा. सुटाच शब्द द्यावा लागला, तर ‘डार्क’ आणि ‘हेवी’ दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्या. ज्या मुलाने वेगळं पण बरोबर उत्तर लिहिलं, त्याला "तुला हे कसं सुचलं?" असं जरूर विचारा.

सरावासाठी

पुढच्या वाक्यांतल्या ‘लाईट’ला इंग्रजी विरुद्धार्थी शब्द सांगा.

१. या दप्तराचं वजन लाईट आहे.
२. मला लाईट हिरवा रंग हवा.
३. आज वारा लाईट आहे, होडी नेता येईल.
४. आजीने समई लाईट केली.
५. खोलीत दोन लाईट्स आहेत.

उत्तरं : १. हेवी २. डार्क ३. स्ट्राँग ४. पुट आउट (भूतकाळातही रूप तेच) ५. विरुद्धार्थी शब्द नाही.

पाचवं उत्तर मुलांना स्वतः शोधू द्या. ‘नाही’ हेसुद्धा बरोबर उत्तर असू शकतं, हे त्यांना कळू दे. याच पद्धतीने ‘फेअर’, ‘राईट’ आणि ‘हार्ड’ हे शब्दही वर्गात घेऊन बघा.