गाडीला झेपेल तेवढीच पकड

जुनी गाडी ट्रॅकवर न्यायचं ठरलं की पहिला प्रश्न टायरचा येतो, आणि बहुतेकांचं उत्तर दोनपैकी एका टोकाला जातं. 'एका दिवसासाठी कशाला खर्च' म्हणत काहीजण आहेत त्याच टायरवर भागवतात, नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून वापरलेले चार टायर उचलतात. दुसरे थेट शर्यतीच्या टायरला जवळ जाणारा मऊ रबराचा महागडा आयात माल घेतात, कारण 'टायरमध्ये तडजोड नको' हे त्यांनी ऐकलेलं असतं. मला दोन्ही चुका सारख्याच महाग वाटतात. पहिलीत टायर गाडीला दगा देतो, दुसरीत टायरच्या ताकदीपुढे गाडी थकते. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. जुन्या गाडीसाठी परवडणारा टायर म्हणजे ताजा, चारही चाकांना एकच, गाडीच्या ब्रेक-सस्पेन्शनला झेपेल तेवढी पकड देणारा आणि ज्यावर बसून त्याच संध्याकाळी घरी येता येतं तो. दुकानातली किंमत हा हिशेबाचा एक भाग झाला, सगळा हिशेब नव्हे.

घरी येण्याचा मुद्दा मी मुद्दाम धरून ठेवतो, कारण मुंबईच्या उपनगरांतल्या माणसासाठी तोच निर्णायक आहे. पूर्वी ट्रॅक म्हटलं की कोइम्बतूरचा कारी, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई किंवा 2011 साली ग्रेटर नोएडात उभं राहिलेलं बुद्ध सर्किट. तिथं आपली गाडी न्यायची म्हणजे हौसेपेक्षा वाहतूकच भारी. आता तळेगावजवळ नानोली स्पीडवे झाल्यामुळे अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरहून पहाटे निघून रात्री परत येणं शक्य झालं आहे. पण यातल्या बहुतेकांकडे ट्रेलर नाही. गाडी ज्या चार टायरवर ट्रॅकवर फिरते, त्याच चार टायरवर द्रुतगती मार्ग आणि बोरघाट उतरून सोसायटीच्या आवारात येते, आणि सोमवारी त्याच टायरवर ऑफिसला जाते. सांताक्रूझला वर्षाला सरासरी 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गांवर पाणी साचलं की फक्त कोरड्या ट्रॅकवर चिकटणारा, उथळ नक्षीचा टायर पाणी बाहेर फेकू शकत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगायला लागते. निवडीची कसोटी ट्रॅकवरच्या वेळेत शोधण्याआधी ती या परतीच्या रस्त्यावर लावावी.

आता वापरलेल्या टायरकडे बघू. 'नक्षी तर भरपूर शिल्लक आहे' हा युक्तिवाद नेहमी होतो. नक्षी किती उरली यावरून टायर किती चालला ते कळतं, रबर किती म्हातारं झालं ते कळत नाही. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो आणि त्याच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे. 2319 असेल तर टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. हे चार आकडे बॅटरी लावून, गुडघ्यावर बसून, चारही टायरवर वाचावेत. कोड पूर्ण स्वरूपात अनेकदा एकाच बाजूला असतो, आतली बाजू बघायला चाक काढावं लागलं तरी काढायला सांगावं. हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता रबराला हळूहळू कडक करतात. उन्हात उभ्या असलेल्या, कमी चालणाऱ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असतानाच निबर होतात, बाजूवर बारीक भेगा दिसू लागतात. मिशेलिनचा सल्ला असा की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनी, दिसायला कितीही चांगला असला तरी, बदलावा. हा सल्ला रोजच्या वापरासाठी आहे. ट्रॅकवर जिथं टायर तासभर तापतो, तिथं मी पाच वर्षांच्या पुढचा टायर नेणार नाही. शिवाय वापरलेल्या टायरचा मागचा इतिहास कुणीच सांगू शकत नाही. खड्ड्यात आपटून आतले धागे तुटलेले असले तर बाहेर फुगा यायला उष्णता पुरते, आणि ती उष्णता ट्रॅक पुरवतो. 2023 साली समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाने टायर तपासायला सुरुवात केली ती याच कारणाने: सलग वेग आणि उष्णता यांत दुबळा टायर लपत नाही.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींचा मुद्दा मात्र वजनदार आहे. गाडी रस्त्याला फक्त चार तळहातांएवढ्या जागेत टेकते, मग तिथं सर्वोत्तम रबर का नको? कारण पकड गाडीच्या बाकी सगळ्या अंगांवर भार टाकते. मऊ टायरवर वळण जास्त वेगाने घेता येतं, म्हणजे बेअरिंग, बॉल जॉइंट आणि कंट्रोल आर्मचे बुश यांवर त्या प्रमाणात जास्त जोर येतो. सरळ रस्त्याच्या शेवटी जास्त उशिरा ब्रेक मारता येतो, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 प्रतीचं ताजं ऑइल किमान 230 अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकतं. उकळलं की पेडल थेट तळाला जातं. पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणी करून रस्त्यावर ठेवलेल्या गाडीत हे सगळे भाग त्याच वयाचे असण्याची शक्यता मोठी. मऊ टायरसाठी जाणारा जादा पैसा बुश, पॅड आणि ब्रेक ऑइलमध्ये घातला तर गाडी एकूण जास्त वेगवान आणि कितीतरी सुरक्षित होते. आणखी एक गोष्ट शिकणाऱ्याच्या बाजूची आहे. मध्यम पकडीचा टायर सुटण्याआधी किंचाळतो, हळूहळू सरकतो, हाताला सांगतो. फार पकडीचा टायर बराच काळ गप्प असतो आणि सुटतो तेव्हा वेग मोठा असतो.

मग मध्यम म्हणजे नेमकं काय? अनेक टायरच्या बाजूवर ट्रेडवेअरचा आकडा असतो. तो अमेरिकन पद्धतीतला: 100 हा पायाभूत टायर, 200 म्हणजे चाचणीच्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट टिकणारा. हा आकडा कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांची तंतोतंत तुलना करू नये, पण गट कळतो. 200 किंवा खाली असेल तर तो ट्रॅककडे झुकलेला, 300 च्या आसपास रस्त्यावरचा चांगला स्पोर्ट टायर, 400 च्या पुढे किलोमीटरसाठी बनवलेला. जुन्या गाडीला 300 चा गट बसतो. वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा खालचं कधीच नको. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटर, व्ही म्हणजे 240. भारांकही कमी नको, आणि आयएसआय चिन्ह पाहिलंच पाहिजे. देशात बनलेला माल कमअस्सल हा समज सोडावा. 1958 साली स्थापन झालेल्या सिएटने आपल्याच भांडुपमध्ये कारखाना काढला, तेव्हापासून या शहराची टायरशी ओळख आहे. शिवाय जून 2020 पासून टायरची आयात परवान्याच्या बंधनात आहे. हव्या मापाचा आयात टायर पुढच्या वर्षी मिळेलच याचा भरवसा नसतो. एक टायर कापला गेला आणि जोडीचा मिळाला नाही, तर दोन किंवा चारही बदलावे लागतात. परवडण्याच्या हिशेबात ही शक्यता धरलीच पाहिजे.

जुन्या गाड्यांची खरी अडचण मापाची आहे. 13 आणि 14 इंची रिमसाठी स्पोर्ट टायर फारसे मिळत नाहीत, 15 इंचीत निवड वाढते. 185/70 आर14 टायरची उंची साधारण 614.6 मिलिमीटर भरते आणि 195/60 आर15 ची 615. म्हणजे रिम बदलूनही स्पीडोमीटर आणि गिअरिंग जवळपास जागच्या जागी राहतात. असं गणित प्रत्येकाने आपल्या मापासाठी करावं: रुंदीला टक्क्याने गुणा, दुप्पट करा, रिमचे इंच 25.4 ने गुणून त्यात मिळवा. जुन्या बाजारात जायचंच असेल तर ते इथं जावं. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराची कंपनीची रिम वापरलेली मिळाली, बॅलन्सिंग मशीनवर फिरवून सरळ निघाली, तर ती घ्यायला हरकत नाही. धातूचा वाक दिसतो, रबराचं म्हातारपण दिसत नाही. याहून रुंद टायरचा मोह टाळावा. मडगार्डच्या आत घासणारा टायर वळणात कापला जातो, आणि हलक्या गाडीखाली फार रुंद टायर नीट तापतच नाही.

'पुढच्या चाकांनीच गाडी ओढते, पुढे दोनच नवे घेतो' हा काटकसरीचा सल्ला सर्वांत धोकादायक. पुढची पकड वाढली आणि मागची निबर राहिली की वळणात पाय उचलताच मागचा भाग बाहेर फिरतो, आणि तो सावरणं नवख्याचं काम नाही. पैसे कमी असतील तर दोन महागड्या टायरऐवजी चार साधे, पण नवे घ्यावेत. 'मग ट्रॅकसाठी वेगळा संच ठेवू' ही सूचना योग्यच आहे, पण वर्षातून चार-पाच वेळा जाणाऱ्यासाठी. उपनगरातल्या फ्लॅटमध्ये चार चाकं ठेवायला जागा लागते, गच्चीवरचं ऊन तेच रबर म्हातारं करतं, आणि वर्षातून एकदा जाणाऱ्याचा दुसरा संच नक्षी झिजण्याआधी वयाने बाद होतो.

टायर घेतल्यावर तो राखणं हवेच्या दाबावर येतं, आणि त्याला जवळपास काहीच खर्च नाही. 30 अंशांना 32 पीएसआय भरलेला टायर 70 अंशांपर्यंत तापला की दाब साधारण 38 होतो. म्हणून ट्रॅकवर उतरताना स्वतःचं गेज हवं. नक्षीच्या कडेपासून बाजूच्या भिंतीपर्यंत खडूने आडवी रेघ ओढावी, पाच-सहा फेऱ्या माराव्यात आणि बघावं. रेघ भिंतीवर खालपर्यंत पुसली गेली असेल तर टायर लोळतो आहे, हवा थोडी वाढवा. नक्षीच्या कडेपर्यंतही पुसली नसेल तर दाब जास्त आहे. निघण्याआधी टायर थंड होऊ द्यावा, दाब पुन्हा रस्त्याचा करावा, हाताने चारही टायरच्या बाजू चाचपून फुगा किंवा काप शोधावा, आणि 1.6 मिलिमीटरची झीज-खूण उघडी पडली नाही ना ते पाहावं.

हे सगळं इतक्या आग्रहाने सांगण्याचं कारण पैशांपलीकडचं आहे, पण पैशांचंही आहे. आपल्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगचाचणीचा वापर सहसा वगळलेला असतो, त्यामुळे ट्रॅकवरच्या नुकसानीची भरपाई मिळेल असं धरून चालू नये; चुकीच्या टायरची किंमत सगळी आपल्याच खिशातून जाते. दुकानात उभं राहून एकच प्रश्न विचारावा: दिवसभर तापवलेल्या या टायरवर मी रात्री, पावसात, मागच्या सीटवर घरची माणसं बसवून बोरघाट उतरेन का? उत्तर द्यायला मन कचरलं, तर तो टायर कितीही स्वस्त असला तरी आपल्याला परवडणारा नाही.