बदलून आलेला वाडगा

आमचा वाडगा मी विकायला काढला नव्हता, हे आधी सांगते. जासईत सध्या उलटसुलट बोललं जातंय म्हणून. सासूबाईंच्या फडताळातला तो हिरवट चिनी वाडगा किती जुना, एवढंच जाणून घ्यायचं होतं. पनवेलकडचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी ओळखीतून घरी आला, वाडगा उन्हात धरून बघितला आणि म्हणाला, "काकू, मुंबईत माझे जाणकार आहेत, दाखवून आणतो."

परत आणला तो वर्तमानपत्रात गुंडाळून. रंग तोच, बाहेरच्या कमळाच्या पाकळ्या तशाच, कडेचा टवकासुद्धा जागच्या जागी. सवयीने मी त्या टवक्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठा कापला. आमचा टवका वर्षानुवर्षं हात लागून गुळगुळीत झालेला, आतली करडी माती मळून काळपट पडलेली. हा पांढराफेक आणि धारदार. वाडगा उलटा केला. आमच्या बुडाच्या कड्यावर झिलई नव्हती, तिथे विटकरी तांबूस रंग होता. इथेही तांबूस होतं, पण ओल्या फडक्याने पुसलं तर फडक्यावर उतरलं.

तोंडावर सांगितलं, हा आमचा नाही. तो हसला. "घरात दहा हात लागतात काकू, तुमच्या लक्षात नसेल." मग सूर बदलला. तुमचा वाडगा नवाच होता, शेजारी एवढं बंदर, कंटेनरमधून असला माल रोज उतरतो, कुणी आणून दिला असेल! न्हावा-शेवा बंदर सुरू झालं 1989 साली. माझ्या थोरल्याच्या बारशाचा फोटो त्याआधीचा, त्यात हा वाडगा साखरेने भरलेला दिसतो. तो पुढे केला तर म्हणतो, "यात बूड कुठे दिसतंय?" वाडगा गेल्याचं दुःख आहेच, पण माझ्याच घरात बसून मला खोटं पाडलं, ते विसरणार नाही.

ज्यांच्या घरी असं भांडं आहे त्यांनी बूड नीट बघून ठेवावं. चीनमधल्या लाँगछुआनच्या भट्ट्यांतली हिरवी भांडी शेकडो वर्षं जहाजांनी पश्चिमेकडे येत होती. आपल्या चौलच्या उत्खननातही चिनी भांड्यांचे तुकडे निघालेत. भट्टीत हवा कमी ठेवून भाजलं की झिलईतल्या लोहामुळे ती हिरवी होते. उघड्या कड्यावर मात्र मातीतलं लोह भट्टी निवताना तांबूस होतं. तो रंग पुसून जात नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेली चिनी भांडी आहेत, तिथे आधी नजर बसवा.

दाखवायचं असेल तर स्वतः घेऊन जा आणि समोर बसून राहा. बुडाचे, टवक्याचे, झिलईतल्या बारीक रेघांचे फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा. किराणावाल्याच्या काट्यावर ग्रॅममध्ये वजन करा. पावतीवर नुसतं 'हिरवा वाडगा' चालत नाही. टवका कुठे, केवढा, हे लिहून खाली सही हवी. 1984च्या जानेवारीत जमिनीच्या दामासाठी पाच हुतात्मे दिलेल्या या भागाला कागदाची किंमत मी वेगळी सांगायला नको. आणि गोड बोलणाऱ्यावर भरवसा ठेवू नका, ओळखीचा असला तरी.

1972च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं जुन्या वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो, आणि त्या खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत. परदेशातल्या लिलावाच्या गोष्टी सांगणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. पाया खणताना काही सापडलं तर तो मामला वेगळा, 1878च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं.

तो माणूस अजून फिरतोय. कुणाला दुकानात कमळाच्या पाकळ्यांचा, कडेला जुना गुळगुळीत टवका असलेला हिरवा वाडगा दिसला, तर दुकानदाराकडे परवाना मागा, वाडगा कुठून आला ते विचारा आणि मला कळवा. बारशाचा फोटो मी जपून ठेवला आहे.