आधी राज्यपाल वाच

चि. सायलीस,


तुझे बाबा परवा फोनवर म्हणाले, सायलीनं राज्यशास्त्र घेतलं खरं, पण महिन्याभरातच वैतागली आहे. गाइडमधली कलमं पाठ करतेस आणि सकाळी विसरतेस म्हणे. विसरतेस ते बरंच आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. कलमांचे आकडे घडाघडा म्हणणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. पण ‘मुख्यमंत्र्याला घरी कोण पाठवू शकतं?’ एवढं विचारलं की त्यातली बरीचशी गप्प व्हायची.

तेव्हा माझं ऐक. अख्खी राज्यघटना एकदम अंगावर घेऊ नकोस. एक पद निवड आणि त्याचा पिच्छा पुरव. मी म्हणेन, राज्यपाल घे. पाठ्यपुस्तक त्यांना दीड पान देतं, ‘नामधारी प्रमुख’ म्हणतं आणि पुढे जातं. आपण महाराष्ट्रातली माणसं, आपल्याला तरी ते दीड पान पुरायला नको.

सुरुवात मूळ मजकुरापासून कर. कलम १५३ ते १६४, मराठी प्रत आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवून. १५५ सांगतं की राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात. १५६ सांगतं की राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच ते पदावर राहतात, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारची मर्जी. १६३ म्हणतं, त्यांनी राज्याच्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालावं. १६४ म्हणतं, मुख्यमंत्र्याला तेच नेमतात, पण मंत्रिमंडळ जबाबदार असतं विधानसभेला. ही चार कलमं ओळीनं वाचलीस की घोळ कुठे आहे ते आपोआप दिसेल. ज्यांच्या मर्जीवर पद टिकतं ते दिल्लीत, ज्यांचा सल्ला ऐकायचा ते मुंबईत.

असं का केलं? याचं उत्तर संविधान सभेच्या चर्चांमध्ये आहे आणि त्या चर्चा संसदेच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. १९४८ च्या मसुद्यात राज्यपाल लोकांनी निवडून देण्याचा पर्याय होता. मे १९४९ मध्ये सभेनं तो सोडला आणि नेमणुकीचा मार्ग धरला. निवडून आलेला राज्यपाल आणि निवडून आलेला मुख्यमंत्री दोघंही लोकांचा कौल माझ्याकडे म्हणणार, मग राज्य चालवणार कोण, ही एका बाजूची भीती. नेमलेला राज्यपाल दिल्लीचा माणूस होऊन बसेल, ही दुसऱ्या बाजूची. दोन्ही भीती रास्त होत्या. दुसरी बाजू हरली म्हणून ती मूर्ख होती असं समजू नकोस. पुढच्या पंच्याहत्तर वर्षांत तिचीच भीती जास्त वेळा खरी ठरली, असं माझं मत आहे.

(जाता जाता: त्या सभेत सगळं एकमतानं झालं अशी आपली एक गोड समजूत असते. उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावानं व्हावी म्हणून ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली, मतदान झालं, ४१ विरुद्ध ६८ नी ती पडली. ही चर्चा जरूर वाच, मजा येईल.)

आता प्रत्यक्षात काय झालं ते बघ. १९७७ मध्ये केंद्रात जनता पक्ष आला आणि त्यानं नऊ राज्यांतली काँग्रेसची सरकारं घालवली. १९८० मध्ये काँग्रेस परतली आणि तिनंही नऊच राज्यांतली सरकारं घालवली. त्यात आपलं पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकारही गेलं. हत्यार एकच, कलम ३५६ ची राष्ट्रपती राजवट. मग कर्नाटक. १९८९ मध्ये मुख्यमंत्री बोम्मई यांचा पाठिंबा काढल्याची आमदारांची पत्रं राज्यपालांकडे पोचली. त्यातल्या काहींनी लगेच सही फसवून घेतल्याचं सांगितलं. बोम्मई विधानसभेत बहुमत सिद्ध करायला तयार होते. तरी राष्ट्रपती राजवट आली. ११ मार्च १९९४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिला, त्याचा गाभा असा: बहुमत आहे की नाही ते सभागृहात मोजायचं, राजभवनात नाही.

बहुतेक गाइडं इथे थांबतात. तू थांबू नकोस, कारण खरी गंमत इथून पुढे आहे. बोम्मई निकालानं बहुमत चाचणी हे औषध दिलं. २०२२ मध्ये महाराष्ट्रात प्रश्न असा आला की हे औषध कोण, केव्हा, कोणाला पाजणार? सत्ताधारी पक्षातले आमदार फुटले. २८ जूनला राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना ३० तारखेला बहुमत सिद्ध करायला सांगितलं. २९ च्या रात्री न्यायालयानं स्थगिती नाकारली आणि मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला. पुढे ११ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं म्हटलं की चाचणी बोलावण्याइतका आधारच राज्यपालांकडे नव्हता. आमदारांच्या पत्रांत नाराजी होती, पण सरकारचा पाठिंबा काढतो असं नव्हतं, आणि पक्षातला तंटा सोडवायला बहुमत चाचणी वापरायची नसते. पण राजीनामा स्वेच्छेनं दिलेला असल्यामुळे जुनं सरकार परत आणता येणार नाही, असंही त्याच निकालात आहे. नव्या मुख्यमंत्र्यांना बोलावणं न्यायालयानं योग्यच ठरवलं. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभेच्या अध्यक्षांवर सोपवला.

म्हणजे कृती चुकीची ठरली आणि परिणाम तसाच राहिला. यावर दोन पानं लिहून बघ. मला स्वतःला न्यायालयाचं गणित पटतं, जो मुख्यमंत्री आपणहून गेला त्याला परत खुर्चीवर कसं बसवणार? पण कलम ३६१ मुळे राज्यपाल आपल्या निर्णयांसाठी कोणत्याही न्यायालयाला उत्तर द्यायला बांधलेले नाहीत, आणि हा निकाल आला तेव्हा ते राज्यपाल पदावरही नव्हते. चूक झाली आणि तिची झळ कोणालाच नाही. फट आहे ती इथे. तुला वेगळं वाटलं तर कळव, वाद घालू.

तुझ्या लक्षात आलं असेल, २०२२ बद्दल लिहिताना मी एकाही माणसाचं नाव घेतलेलं नाही. (बोम्मईंचं घेतलं, पण खटलाच त्यांच्या नावानं ओळखला जातो, त्याला इलाज नाही.) तुला घालून द्यायची सवय हीच. राजकारणातली कुठलीही घटना वहीत उतरवताना नावं आणि पक्ष झाकायचे, नुसती पदं लिहायची. मग ठरवायचं, बरोबर की चूक. त्यानंतर नावं उघडायची. नावं उघडल्यावर मत बदलावंसं वाटलं, तर आपण अभ्यास करत नव्हतो, बाजू घेत होतो. बाजू घेऊ नये असं मी म्हणत नाही. तू अठराची झालीस, मत देशील, बाजू घेशीलच. फक्त पेपर लिहिताना आणि वर्गात वाद घालताना दोन्हींची सरमिसळ नको. घरातल्या ग्रुपवर तुझा काका आणि मोठा मामा रोज जे करतात, त्याला मी चर्चा म्हणत नाही.

परीक्षेची काळजी करू नकोस. एका पदामागे असं लागलीस की संघराज्य, पक्षांतरबंदी, अध्यक्षांचे अधिकार, न्यायालयीन पुनर्विलोकन हे सगळं त्याच वाटेवर भेटतं. उरलेलं, म्हणजे नागरिकत्वाची कलमं, अनुसूची, आयोगांची यादी, ते परीक्षेच्या आधी आठ दिवसांत होतं. तेवढं पाठांतर करायला हरकत नाही.

नागपुरात आहेस याचा फायदा घे. हिवाळी अधिवेशन तुझ्या दारात भरतं. प्रेक्षक गॅलरीचा पास काढून एक दिवस जा आणि गदारोळाच्या दिवशी नको, पुरवणी मागण्यांच्या दिवशी जा. किती कोटींच्या मागण्या किती मिनिटांत मंजूर होतात, त्या वेळी बाकांवर किती जण असतात, ते मोजून आण. विधिमंडळ सरकारवर अंकुश ठेवतं, हे पुस्तकातलं वाक्य मग तू स्वतः तपासशील.

आणि दिवाळीला येशील तेव्हा कलम २०० वाचून ये. विधेयक परत पाठवायचं तर राज्यपालांनी ते ‘शक्य तितक्या लवकर’ पाठवावं, असं तिथे आहे. लवकर म्हणजे किती? २०२५ च्या एप्रिलमध्ये तामिळनाडूच्या खटल्यात दोन न्यायमूर्तींनी मुदती घालून दिल्या, आणि नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपतींनी मागितलेल्या सल्ल्यावर पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की अशा मुदती न्यायालयाला घालता येत नाहीत. दोन्ही बाजू लिहून आण, तुझी कोणती ते शेवटी सांग. माझी मी आधी सांगणार नाही.

बाबांना नमस्कार सांग, आईला म्हणावं लोणचं पोचलं.

तुझी,
आत्या