एका गर्भाशयात दोन कर्करोग?

प्रश्न : आईचं (वय ६१) गर्भाशय अमरावतीला काढलं. रिपोर्टात अस्तराचा कर्करोग आणि स्नायूंचा सार्कोमा, दोन्ही आहेत. रिपोर्ट चुकला का? – एक वाचक, अकोला

उत्तर : चुकलाच असं नाही, क्वचित असं होतं. मात्र 'कार्सिनोसार्कोमा'त एकाच गाठीत दोन्ही रूपं मिसळलेली असतात, तो आधी वगळायला हवा. गाठी सुट्या असतील, तरच कर्करोग दोन. हे ठरवायला रिपोर्टाची झेरॉक्स पुरत नाही. गाठीचे नमुने असलेले मेणाचे ब्लॉक आणि काचा रुग्णालयातून मागून घ्या. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये त्यांची फेरतपासणी करून घ्या. सार्कोमा रक्तावाटे फुप्फुसात पोचतो, म्हणून छातीचा सीटी स्कॅन हवाच. पुढचे उपचार बहुधा जास्त आक्रमक गाठीवरून ठरतात. ब्लॉक आजच मागा.