मुरुडच्या गोदामातलं कालमूल्य

लातूरहून बार्शीकडे निघालं की वाटेत मुरुड लागतं. राज्य पणन मंडळाच्या रोजच्या भावयादीत सोयाबीनखाली ‘लातूर - मुरुड’ अशी वेगळी ओळ असते, एवढा इथला बाजार मोठा. या गावातली मुलं बी.कॉम.ला जातात तेव्हा वित्ताच्या पहिल्या पेपरात त्यांना ‘प्रकल्प अ’ आणि ‘प्रकल्प ब’ भेटतात, आणि हा विषय आपला नव्हे असा समज तिथेच पक्का होतो. माझ्या मते गोष्ट उलटी आहे. या पेपरातला मुख्य प्रश्न मुरुडच्या आडतीवर रोज सोडवला जातो; पुस्तकाने तिथलं उदाहरण घेतलेलं नाही, इतकंच. वाद नीट व्हावा म्हणून पुढची दोन माणसं कल्पिली आहेत : शिकवणाऱ्या मॅडम, आणि सहजी न पटणारा मुरुडचा एक विद्यार्थी.

विद्यार्थी : मॅडम, हे फायनान्स म्हणजे मुंबईच्या शेअरवाल्यांचं काम. आमच्या घरी ना शेअर, ना कंपनी. पहिल्या वर्षाला हा पेपर कशामुळं ठेवलाय?

मॅडम : शेअर या पेपरात फार उशिरा येतात. आधी एकच प्रश्न असतो : आज मिळणारे शंभर आणि सहा महिन्यांनी मिळणारे शंभर, यांची तुलना कशी करायची? पुस्तक याला पैशाचं कालमूल्य म्हणतं. अर्व्हिंग फिशर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1907 मध्ये व्याजदरावर ग्रंथ लिहिला, 1930 मध्ये तोच विचार नव्याने मांडला, आणि आजची मांडणी बरीचशी त्याची आहे, म्हणून विषय परका वाटतो. पण भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे 1150 च्या सुमारास, मिश्रव्यवहाराचं एक उदाहरण आहे. दरमहा शेकडा पाच दराने वर्षअखेर मुद्दल आणि व्याज मिळून हजार झाले, तर मुद्दल किती? उत्तर 625, व्याज 375. आता हेच उलट बाजूने वाच. त्या दराने, वर्षाने हाती येणाऱ्या हजाराची आजची किंमत 625. तुझ्या पुस्तकातलं वर्तमान मूल्य ते हेच. पुस्तक चक्रवाढ धरतं आणि लीलावती सरळ व्याज धरते, एवढा फरक. वर्षाला साठ टक्के हा दर आपल्याला भयंकर वाटतो खरा, पण गणिताच्या उदाहरणावरून तेव्हाचा बाजार ठरवू नये.

विद्यार्थी : मग हे आमच्या आजोबांना येतच होतं की. शेकडा दोन, शेकडा तीन, सवाई, दिडी, सगळं तोंडपाठ. त्यांनी कुठं डिग्री घेतली?

मॅडम : त्यांना दर येत होता. तुलना येत होतीच असं नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. कर्ज देणाऱ्याने प्रत्येक व्यवहाराला वेगळा वेष चढवलेला असतो. दिडीने बी घेतलं म्हणजे पेरणीला एक क्विंटल आणलं, सुगीला दीड परत केलं. यात मुदत कुणी उच्चारतच नाही. पाच महिने धर. पाच महिन्यांत पन्नास टक्के, सरळ हिशेबाने वर्षाला 120. शेकडा तीन दरमहा म्हणजे वर्षाला 36. पण इथेही घाई करू नको. पेरणीच्या वेळी धान्य महाग असतं आणि सुगीत उतरतं. समज, घेताना क्विंटलला 5,000 होते आणि फेडताना 4,200. दीड क्विंटलचे 6,300 झाले, म्हणजे 5,000 वर 1,300, पाच महिन्यांत 26 टक्के, वर्षाला 62 च्या आसपास. धान्यात मोजलं तर 120, रुपयांत मोजलं तर 62, आणि तरीही शेकडा तीनपेक्षा कितीतरी महाग. आता आडत्याची उचल घे. तिला कुणी व्याज लावत नाही, सगळे बिनव्याजी म्हणतात. अट एकच, माल त्याच्याच दुकानी घालायचा. समज, 20,000 ची उचल चार महिन्यांसाठी घेतली आणि बांधील असल्यामुळे वीस क्विंटलवर शंभर-शंभर रुपये भाव कमी पडला. 2,000 गेले. चार महिन्यांत दहा टक्के, वर्षाला तीस. आडत्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे : तो रात्री-अपरात्री, कागदाशिवाय, दवाखान्याच्या वेळी पैसे देतो आणि बुडण्याची जोखीम घेतो. त्याची किंमत त्याने घ्यावी. पण ती तीस टक्के आहे हे घेणाऱ्याला कळल्याशिवाय जास्त की कमी याचा वाद तरी कसा घालणार? सगळे वेष उतरवून प्रत्येक कर्जाला एका मापाने मोजायचं, हे काम हा पेपर शिकवतो.

विद्यार्थी : मोजलं, कळलं. पण पुढचा भाव कुणाला माहीत असतो? 2021 च्या ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं आणि नवा माल येईस्तोवर धाडकन खाली आलं. ते बघून लोकांनी पुढची वर्षं माल ठेवून ठेवून पाहिला. 2024 ला हमीभाव 4,892 होता, बाजार त्याच्याही खाली. तुमचं सूत्र हे सांगू शकलं असतं का?

मॅडम : नाही, आणि सांगतो म्हणणाऱ्या सूत्रावर विश्वास ठेवू नको. विषयाचं काम त्याच्या अलीकडचं आहे. भाव कुठे जाईल हे ते सांगत नाही. थांबणं परवडायला भाव निदान कुठे जायला हवा, हे सांगतं. करून बघू. आज भाव 4,200 धरू, थांबायचं पाच महिने, गोदामभाडं, हमाली आणि वाळून येणारी घट मिळून क्विंटलमागे 100. ज्याच्या डोक्यावर दरमहा शेकडा दोनचं कर्ज आहे त्याने आज विकलं असतं तर ते फिटलं असतं. थांबला म्हणून पाच महिन्यांत 420 व्याज चढलं. त्याला 4,720 मिळाले तरच बरोबरी. ज्याचे पैसे बँकेत सहा टक्क्यांनी पडून राहिले असते, त्याचं नुकसान फक्त 105. त्याची बरोबरी 4,405 ला. गोदाम तेच, माल तोच, भाव तोच, आणि दोघांची उत्तरं तीनशेहून जास्त रुपयांनी वेगळी. पाच महिन्यांनी भाव 4,550 झाला तर एक म्हणेल थांबून फायदा झाला, दुसरा म्हणेल बुडालो, आणि दोघंही खरं बोलत असतील. पारावर ‘थांबावं की विकावं’ हा वाद मिटत नाही याचं हे एक मोठं कारण आहे. प्रत्येकाचा वटावाचा दर, म्हणजे थांबण्याच्या वेळेला लावायचा व्याजदर, वेगळा असतो आणि तो कुणी बोलून दाखवत नाही.

विद्यार्थी : म्हणजे ज्याच्याकडं पैसा आहे तोच थांबू शकतो. हे शोधायला विद्यापीठ कशाला पाहिजे, गावात सगळ्यांनाच माहीत आहे.

मॅडम : माहीत आहे, पण किती, हे माहीत नाही, आणि किती हे कळलं की उपायाची किंमत करता येते. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या पाऊणपट, म्हणजे 75 टक्के रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांपर्यंत मिळते; किंमत चालू भाव आणि हमीभाव यांतला जो कमी, त्यावर धरतात. आपल्या कर्जदाराला ती लावून बघ. 4,200 चे 75 टक्के 3,150. त्यावर पाच महिन्यांचं व्याज सुमारे 79. ते पैसे त्याने सावकाराला दिले. उरलेल्या 1,050 वर मात्र शेकडा दोन चालूच, म्हणजे 105. वरचे 100 धरून बरोबरी 4,484 ला आली. आधी ती 4,720 ला होती. योजनेची त्याच्यासाठी किंमत क्विंटलमागे 236 रुपये, भावात एक पैसाही फरक न पडता. ज्याचे पैसे बँकेत आहेत त्याला तीच योजना जवळजवळ काहीच देत नाही.

विद्यार्थी : कागदावर. गोदामात जागा नसली, पैसे हातात यायला महिना लागला, तर?

मॅडम : तर हिशेब बिघडतो, आणि तो किती बिघडला हेही मोजता येतं : महिनाभर उशीर म्हणजे 3,150 वर आणखी महिनाभर सहाऐवजी चोवीस टक्क्यांचा भार, क्विंटलमागे 47 रुपये. तुझा आक्षेप मी पूर्ण खोडत नाही. दर कळल्याने स्वस्त कर्ज मिळत नाही. त्याला गोदाम, शाखा, संचालक मंडळ आणि राजकारण लागतं. पण जिथे हक्क आधीच कायद्यात लिहिलेला आहे तिथे हा हिशेब कोर्टात उभा राहतो. उसाचं बघ. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. वेळेची किंमत सरकारी कागदावर आकड्यात लिहिलेली, याहून स्पष्ट उदाहरण पुस्तकात सापडणार नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये राज्य सरकारने एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर भाव, दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली. पहिला हप्ता सरासरी साखर उताऱ्यावर, उरलेला हंगाम संपून खरा उतारा कळल्यावर. कारखान्यांचं म्हणणं निराधार नव्हतं. साखर वर्षभर विकली जाते, तोवर ती तारण ठेवून बँकेचं व्याज त्यांनाच भरावं लागतं. पण त्यामुळे व्याज नाहीसं होत नाही. ते कारखान्याच्या खात्यातून उत्पादकाच्या खात्यात सरकतं, आणि तिथे कुठल्याच वहीत दिसत नाही. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. टनामागे 500 रुपये सहा महिने अडकले तर पंधरा टक्क्यांनी साडेसदतीस रुपये. शंभर टनांना 3,750. एवढ्यासाठी माणसं कोर्टात जातात, कारण रक्कम तीच राहिली तरी तारीख बदलली की किंमत बदलते.

विद्यार्थी : हे वेळेचं झालं. पण आम्हाला मारते ती जोखीम. त्यावर काय सांगतं तुमचं पुस्तक? सगळी अंडी एकाच टोपलीत...

मॅडम : ते वाक्य राहू दे, ते सगळ्यांना पाठ असतं आणि जोखीम वाटण्याचा खरा अर्थ त्यात नाही. हॅरी मार्कोविट्झने 1952 मध्ये जे दाखवलं ते नुसत्या संख्येबद्दल नव्हतं. दहा ठिकाणी पैसा वाटला आणि दहाही ठिकाणं एकाच कारणाने एकाच वेळी पडणारी असली, तर वाटून फारसं काही साधत नाही. मुरुडचा शेतकरी म्हणतो, मी सोयाबीन लावतो, त्यात तूर लावतो, दोन म्हशी आहेत, गावात किराणा दुकान आहे. भावापुरतं हे वाटप थोडं खरं आहे. सोयाबीन जगाच्या तेल-पेंडीच्या बाजारावर चालतं, तूर बरीचशी म्यानमार आणि आफ्रिकेतल्या आयातीवर. पण पाऊस चुकला की चारही गोष्टी एकदम आडव्या होतात, कारण दुकानाचं गिऱ्हाईकही तोच शेतकरी. एप्रिल 2016 मध्ये, दुष्काळात, मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली रेल्वे मुरुडवरूनच गेली. त्या वर्षी गावातल्या गावात केलेली कुठलीही वाटणी कामाला येणं कठीणच होतं. पुण्यात नोकरीला लागलेल्या मुलाचा पगार मात्र मुरुडच्या पावसाला बांधलेला नसतो. आपल्याकडे एकाला शिकवून बाहेर पाठवायचं आणि एकाने शेती बघायची, असं घराघरात ठरतं, त्यामागे हाच विचार आहे.

विद्यार्थी : आणि भावाची जोखीम? वायदे बाजारात विकून टाकता येते म्हणतात.

मॅडम : पुस्तकात येते. डिसेंबर 2021 मध्ये सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ती मुदत पुढे वाढवत नेली. वायद्यांनी भाव भडकतात हा आक्षेप होता; त्यावर दोन्हीकडून बोलण्यासारखं आहे, आणि तसंही लहान शेतकरी तिथे स्वतः क्वचितच उतरायचा. पण वायदा बंद केल्याने जोखीम बंद झाली असं कुणी समजू नये. ती ज्याच्या गोदामात माल आहे त्याच्याकडे राहिली.

विद्यार्थी : मग परीक्षेत हे येईल का? गोदाम, उचल, ऊस?

मॅडम : नाही. प्रकल्प अ आणि प्रकल्प ब येतील, आणि दर प्रश्नातच दिलेला असेल : दहा टक्के. तो कुणाचा दर, हे कुणी विचारणार नाही. तू उत्तर सोडवून झाल्यावर तेच गणित शेकडा दोनने पुन्हा करून बघ. कधीकधी प्रकल्पांचा क्रम उलटा होतो. त्याला गुण मिळत नाहीत.